सातव्या गाण्यावर खूण नाही

भाच्याच्या पत्राला त्याने आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. "मामा, आमच्या अल्बममध्ये काय जमलंय, काय फसलंय, ते प्रुफं तपासतोस तसं तपासून कळव," एवढंच पत्र. लोकगीतांच्या चाली, वर इलेक्ट्रिक गिटार, आणि तेरा गाण्यांत मिळून एकच गोष्ट: एका नावाड्याची. म्हणजे मामाच्या बाबांची, भाच्याच्या आजोबांची.

आठ महिने तो नुसता धुमसत होता. छापखान्यात जन्म गेलेला. रागाच्या भरात त्याने गाण्यांची पुस्तिका लाल पेनाने रंगवून ठेवली होती.

भाच्याची आई, त्याची धाकटी बहीण, आली आणि त्याने चहाचं आधण ठेवेपर्यंत तिने ती पुस्तिका उचलली.

"दादा, एक्केचाळीस चुका? पोराने काही बरं केलंय की नाही?"

"केलंय ना. चौथं गाणं नुसत्या वल्ह्यांच्या ठेक्यावर चालतं, अंगावर काटा येतो. पण दर गाण्यानंतर तो निवेदक तेच पुन्हा सांगतो. आम्ही काय बहिरे? गिटार शब्दांच्या उरावर बसलीय. आणि सातव्यात बाबा दारू पिऊन नाव सोडून देतात. आजोबांचे असे धिंडवडे काढतात?"

तिने पानं उलटली. "सातव्यावर तर खूण नाही."

तो आधणात साखर घालायला वळला.

"त्याच्या मनचं नाहीये ते. लहानपणी तूच सांगायचास त्याला. मी तर घरात कधी बाटली पाहिली नाही."

"चहा उतू जाईल."

"जाऊ दे. पुढच्या महिन्यात स्टेजवर करणार आहेत ते. चारचौघांत."

ती गेल्यावर त्याने पुस्तिका भिंतीवर फेकली. मग वाकून उचलली आणि लिहायला बसला.

"दोर मी बांधला होता. अकरा वर्षांचा होतो, पुस्तकाची चार पानं उरली होती, गाठ अर्धवट मारून पळालो. नाव वाहून गेली, बाबांचं काम गेलं. लोक म्हणाले, प्यायला असेल. मी तेच धरून बसलो, तुलाही तेच सांगितलं. सातव्याची चाल सगळ्यांत चांगली आहे, म्हणूनच संताप होतो. चाल ठेव, शब्द बदल. नावाड्याच्या पोराला गाऊ दे."

'चांगली' खोडून त्याने पुन्हा 'चांगली'च लिहिलं. सातव्या गाण्यावर उभी लाल रेघ मारली, पत्रासकट पुस्तिका पाकिटात कोंबली आणि चपला घातल्या. पत्रपेटीत पाकीट टाकल्यावर, अडकलं तर नाही ना, म्हणून त्याने फटीत बोटं घालून पाहिलं. हाताला काहीच लागलं नाही.