माझ्या डावीकडचे तीस

मित्रांनो, मी कीबोर्डवरची एक जुनी कळ आहे. माझ्या अंगावर ⌈ असं चिन्ह आहे, म्हणजे उभी रेघ आणि वरून उजवीकडे वळलेला छोटा हात. ते पाहून माणसं हसतात. हसोत बापडी. ज्यांना डावं-उजवं कळत नाही, त्यांच्या हसण्याचं मी काय मनावर घेऊ?

मला आणलं तेजरामजींनी. ते इथल्या, भिलाईच्या पोलाद कारखान्यात, संगणक विभागात नोकरीला होते. आकड्यांच्या अख्ख्या रांगेवर एका दमात काम करणारी एक भाषा ते तिथं शिकले. त्या भाषेत आम्हा चिन्हांना दोन-दोन कामं असतात. उजवीकडेच आकडे असले तर एक काम, दोन्हीकडे असले तर दुसरं.

यात अवघड काय आहे? माझी शेजारीण वजाबाकीची कळ बघा. आठ वजा पाच म्हटलं की ती तीन देते. नुसतं वजा पाच म्हटलं की उणे पाच देते. हे तुम्ही शाळेत मुकाट्यानं शिकता, आणि माझी पाळी आली की कपाळाला आठ्या घालता!

मी एकटीनं उजवीकडचे आकडे घेतले, तर अपूर्णांक वर चढवून पूर्ण करते. बारा पूर्णांक चार दशांशाचे तेरा. पण डावीकडेही आकडा दिलात, तर मी दोघांतला मोठा निवडते. डावीकडे तीस, उजवीकडे बारा पूर्णांक चार. मी तीस देणार. डावीकडे काही आहे की नाही, एवढंच मी पाहते. तुम्हाला काय हवं होतं, ते मी ओळखत बसत नाही.

निवृत्तीनंतर तेजरामजींनी मरोद्याच्या बाजूला शेड टाकली. तिथं दगड फोडायच्या छिन्न्या तयार होतात. लाल तापवून पाणी दिलेली छिन्नी कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून तिला पुन्हा हलक्या आचेच्या भट्टीत ठेवावं लागतं. किती मिनिटं, ते जाडीवरून निघतं. मात्र छिन्नी कितीही बारीक असली तरी तीस मिनिटांच्या आत बाहेर काढायची नाही. म्हणून तेजरामजींनी माझ्या डावीकडे तीस लिहिले आणि उजवीकडे सगळ्या छिन्न्यांची मिनिटं. कित्येक वर्षं एक छिन्नी फुटली नाही. लोकांनी तेजरामजींची वाहवा केली. माझं नाव कोण घेतो?

मग त्यांची नजर अधू झाली आणि शेड मुलाच्या, भूपेंद्रच्या हाती आली. भूपेंद्र म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. त्यानं पडद्यावर माझ्या डावीकडचे तीस पाहिले आणि नाक मुरडलं.

"ये तीस फालतू में लटका है," असं म्हणून त्यानं ते पुसून टाकले. काही चुकलं तर संगणक अडेल, असं त्याला वाटलं. मी कशाला अडू? मला एकटीचंही काम आहे. मी निमूटपणे तेरा, एकोणीस, बेचाळीस अशी गुळगुळीत मिनिटं दिली. तो केवढा खूश झाला! पूर्ण आकडा दिसला की या माणसांना तो बरोबरच वाटतो.

त्या मिनिटांवर भट्टी चालवत होती नूतन. डिप्लोमा करून आलेली मुलगी, नोकरी अजून कच्ची. घरात कमावणारी ती एकटीच. बारीक छिन्न्या पहिल्याच घावात तडकून परत आल्या, तेव्हा तिनं भट्टीच्या स्विचवर स्वतःच्या नावाचा लाल टॅग बांधला आणि भट्टी बंद केली. बिघाड सापडेपर्यंत कुणी यंत्र चालू करू नये, म्हणून ही इथल्या कारखान्याची रीत आहे. ज्यानं टॅग लावला, त्यानंच तो काढायचा. भिलाईतल्या पोरांना हे जेवणाच्या ताटावरच कळतं.

भूपेंद्र ओरडत आला. "माल तुनं जाळला. उद्यापासून येऊ नको." आणि त्यानं टॅगला हात घातला.

दारात खुर्चीवर बसलेले तेजरामजी कडाडले, "हात मागं घे! टॅग कोनाचा हाय?"

"नूतनचा."

"मंग तू कावून काढून राहिला? दुसऱ्याचा टॅग काढणाऱ्यानं मानसं मारली हायेत, बाप्पा. तिले घरी पाठवलं, तं भट्टी कोन चालू करनार?"

भूपेंद्रचा हात लोंबकळत राहिला. त्याची ती मुद्रा मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

नूतन म्हणाली, "सर, मिनिटं कमी पडून राहिली. का कमी पडून राहिली, ते सापडू द्या मले."

ती माझ्यापुढे बसली. आधी तिनं मला एकटीला उजवीकडे बारा पूर्णांक चार देऊन पाहिलं. तेरा आले. भट्टीच्या जुन्या नोंदवहीत तीसच्या आत काढलेली एकही छिन्नी नव्हती, म्हणून मग तिनं डावीकडे तीस लिहिले. तीस आले. तिनं दोन्ही उत्तरांवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "इथले तीस कोनं काढले?"

भूपेंद्र खाली बघू लागला. "मैंने सोचा, जरूरत नहीं है," तो म्हणाला.

"मंग ते तीस म्हंजे माहा टॅगच होता ना रे," तेजरामजी म्हणाले. मला त्या म्हाताऱ्याची फार दया आली.

नूतननं तीस परत लिहिले. मग ती उठली, स्विचपाशी गेली आणि आपल्या हातानं टॅग सोडला. भट्टी पेटली. "उद्या पहिल्या पाळीले ये," एवढंच भूपेंद्र तिला म्हणाला. माफी मागायला लागणारं धैर्य त्याच्याकडे नव्हतं.

मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर बरं वाटेल, पण तेही मी मागत नाही. माझ्या डावीकडे काही लिहिलेलं दिसलं आणि ते कशासाठी आहे हे कळलं नाही, तर पुसण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा. तो दारातच खुर्चीवर बसलेला असतो.