लाल कोब्याची चकाकी

मी एक ब्रश बोलतोय. दुकानातला नव्हे, वाळक्या नारळाच्या सोडणाचा. मधोमध कापलेला, कडेचा काथ्या मोकळा केलेला. जमैकात आमच्या डोंगरावर माझा एखादा भाऊबंद खिळ्याला लटकलेला नाही, असं घर शोधून सापडायचं नाही.

मला घडवलं मिस आयसिल्डाने. दर नाताळाआधी ती नवा ब्रश करायची. मी तिचा शेवटचा ब्रश आहे, हे तेव्हा ना तिला ठाऊक होतं, ना मला.

घरातला लाल कोबा म्हणजे तिचा जीव की प्राण. दर शुक्रवारी ती गुडघे टेकून बसायची, लाल मेण लावायची आणि मला दोन्ही हातांत धरून भजनाच्या ठेक्यावर घासायची. कुणी पायताणासकट आत आलं, की त्याची खैर नसे. "बूट बाहेर! माझा कोबा काय बाजाररस्ता आहे?" पाद्रीबाबासुद्धा निमूटपणे मोज्यांवर आत येत. घासत घासत ती नवऱ्याच्या खुर्चीपाशी पोचली, की ऑस्बर्न दोन्ही पाय वर उचलायचा. घरकामातला त्याचा वाटा एवढाच. मला मात्र माझ्या कामाचा भारी गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मग एका पावसाळ्यात तिची बोटं सकाळी वळेनाशी झाली. दोन-दोन तास मूठ मिटायची नाही. गुडघे सुजले, पायाची बोटं एकमेकांवर चढली. दवाखान्यात सांगितलं, हा आमवात. एका शुक्रवारी मी तिच्या हातातून तीनदा निसटलो. चौथ्यांदा तिने मला उचललंच नाही. मी खिळ्यावर गेलो; मेण ती फडक्यानेच कसंबसं फासायची.

पुढे दोनदा ती घरातच घसरली. तेव्हा दवाखान्यातली नर्स पॉलवेल घरी आली आणि चहाचा कप हातात घेऊनच घरभर फिरली.

"मिस आयसिल्डा, ही पायपुसणी उचला. मागून बंद असलेले बूट घरातही घालायचे, झोपेपर्यंत. टेबल धरून खुर्चीतून दहादा उठायचं, दहादा बसायचं, मांड्यांत जोर यायला हवा. आमवाताच्या गोळ्यांनी तुमची हाडं ठिसूळ झालीत, पडलात तर निभायचं नाही. आणि हे मेण बंद."

"मेण बंद? नाताळातसुद्धा?"

"नाताळात तर नक्कीच बंद. त्या दिवशी मला सुट्टी असते."

मिस आयसिल्डा हसली, पण तिने सगळं ऐकलं. तिला एकच गोष्ट हवी होती. नाताळच्या पहाटे चर्चच्या सात पायऱ्या आपल्या पायांनी चढायच्या आणि भजनमंडळात उभं राहून गायचं. ती रोज उठबस करायची, ऑस्बर्न मोठ्याने आकडे मोजायचा आणि मुद्दाम एक आकडा गाळायचा. "लबाडा, आठ कुठे गेला?" ती ओरडायची. नाताळ जवळ आला तोवर ती एकटी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ लागली होती.

कोबा मात्र मलूल पडला. शेजारणींनी पडदे बदलले, नाताळच्या लाल सरबतासाठी सोरेलची फुलं भिजत घातली. एका संध्याकाळी कोब्याकडे बघत ती म्हणाली, "ऑस्बर्न, हे माझं घर वाटतच नाही रे." आणि तिने डोळे पुसले.

नाताळच्या आदल्या दुपारी ती भजनाच्या सरावाला गेली. ऑस्बर्नने मला खिळ्यावरून काढलं. बहात्तर वर्षांचा गडी, शेतात कंद खणणारे ते हात. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कोब्यावर गुडघे टेकले. मेण जास्तच लावलं. मी दोन वर्षांचा उपाशी, अधाशासारखा घासत सुटलो. कोबा असा चमकला, की खिडकीतलं आभाळ त्यात उतरलं. आपण काय करतोय, हे ना त्याच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

ती दारात आली. बघतच राहिली.

"अगं बाई! ऑस्बर्न! तू?"

आणि तिने सवयीने काय केलं? उंबऱ्यावर टेकून बूट काढले. नर्सने सांगितलेले, मागून बंद असलेले बूट. चाळीस वर्षं साऱ्या गावाला काढायला लावले, मग चमकत्या कोब्यावर स्वतः घालून कशी येणार? मोज्यांवर, हसत हसत, तिने दुसरं पाऊल टाकलं.

हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो. मी तो ऐकला.

नाताळच्या पहाटे चर्चमध्ये गाणी झाली. ती इस्पितळात होती. खुब्याचं हाड जोडलं, पण पायात पूर्वीचा जोर परतला नाही. चर्चच्या सात पायऱ्या तिने पुन्हा चढल्या नाहीत.

ती घरी आली त्या दिवशी ऑस्बर्नने उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा घेतला आणि माझ्याकडूनच सगळं मेण खरवडून घेतलं. माझी आयुष्यभराची कमाई मीच पुसत होतो. तिच्या खुर्चीपाशी तो थांबला. तिला पाय उचलता येईनात. त्याने एकेक पाय हाताने उचलून आपल्या मांडीवर ठेवला, खालची जागा घासली आणि पाय पुन्हा हळूच खाली ठेवले.

"ऑस्बर्न," ती म्हणाली, "चाळीस वर्षांत कोबा एकदाच चमकवलास. आणि मेल्या, किती सुंदर चमकवला होतास रे!"

तो तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडला.

आता मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडून आहे. काथ्या झडलाय, थोड्या दिवसांत चुलीत जाईन. त्याची खंत नाही. तुमच्या घरी दुखऱ्या सांध्यांचं कुणी असेल, तर त्यांचे हवे तेवढे लाड करा. फक्त त्यांच्या पायांखालची जमीन खरखरीत राहू द्या, आणि त्या जमिनीवर त्यांना बूट काढू देऊ नका.