पुरलेली पळी

पोशीर गावात कुणाच्या घरी देवी आल्या की वैद्याच्या आधी चंद्राबाईला बोलावणं जायचं. वैद्य काढा देऊन निघून जाई. चंद्राबाई मात्र कमरेवर हात ठेवून घरच्या बायकांची हजेरी घेई. दारावर कडुलिंबाचा डहाळा लावलात का? केसांना फणी लावायची नाही. पाहुण्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. पोरावर ओरडायचं नाही, कारण ते आता नुसतं पोर नाही, शितळाआई त्याच्या अंगात येऊन बसली आहे. आणि सगळ्यात मोठा नेम म्हणजे चुलीवर फोडणी पडता कामा नये. तेल तडतडलं की आईचं अंग भाजतं. नुसता उकडलेला भात नि वर दही, खपल्या गळेपर्यंत. पोर बरं झालं की दहीभाताचा नैवेद्य वेशीबाहेर ठेवून देवीची बोळवण व्हायची आणि मग चंद्राबाई स्वतःच्या हाताने त्या घरात लसणीची खमंग फोडणी घालायची. तो वास आळीत पसरला की लोक समजायचे, घर मोकळं झालं.

मला विचाराल तर बाई जरा जास्तच कडक होती. आम्ही मागे तिला देवीची फौजदारीण म्हणायचो. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या फाल्गुनात देवी आल्या त्या अशा, की फौजदारणीलाही सगळ्या घरी पोचता येईना. लढाईचे दिवस, रॉकेल नाही, साखर नाही, आणि त्यात हे. महिन्याभरात गावातली सहा पोरं गेली. त्यांतला एक चंद्राबाईचाच नातू सदू. पाच वर्षांचा होता, अकराव्या दिवशी गेला.

जगलेल्या पोरांच्या घरी बोळवण झाली. गेलेल्यांच्या घरी होत नसते. देवी पोराला घेऊनच गेली, मग बोळवण कुणाची करायची, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणजे ज्या आईचं पोर जगलं तिला कोणीतरी येऊन सांगतं, बाई, संपलं, आता वेणी घाल, फोडणी घाल. जिचं गेलं तिला हे सांगायला कुणी येत नाही. सुतक फिटलं की झालं, असं सगळे धरून चालतात. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

सदूची आई भागूबाई हिलाही कुणी सांगितलं नाही. सुतक फिटलं तरी तिने दारावरचा डहाळा काढला नाही. वाळला की नवा लावायची. केसांना फणी लावली नाही, त्यांच्या जटा झाल्या. चुलीवर उकडलेल्या अन्नाखेरीज काही शिजवलं नाही. सदूची धाकटी बहीण कोंडी चार वर्षांची. तिला भागूने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. चैत्रात कर्जतहून देवी टोचणारे विष्णुपंत पत्र्याची पेटी घेऊन चावडीवर आले, तेव्हा हिने आतून कडी घातली ती ते गाव सोडून जाईपर्यंत काढली नाही. पावसाळा सरला, भात पिवळं पडलं, तरी त्या घरात फाल्गुनच चालू होता.

गाव बोलायला कमी करतं का? कोणी म्हणालं वेड लागलं, कोणी म्हणालं लागिर झालं. शेजाऱ्यांच्या आग्रहावरून वरच्या वाडीचा भगत आणला. त्याने मंत्र म्हणून झाल्यावर भागूला मारायला छडी उचलली, तशी चंद्राबाईने त्याचं मनगट धरलं.

"माझ्या सुनेच्या अंगाला लावलीस तर त्याच छडीनं तुला वेशीपातूर हाकलीन."

भगत त्याच्या हक्काची कोंबडीही न घेता गेला, यावरून काय ते समजा.

भागूचा नवरा हिरामण खोपोलीच्या वीजघरात कामाला होता, शनिवारी घरी यायचा. लहानपणी त्यालाही देवी आल्या होत्या. सगळा चेहरा वणांनी भरलेला. माणूस वाईट नव्हता, पण सात महिने अळणी भात नि मुकी बायको, कुणीही थकेल. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी, परत जायला निघताना तो अंगणात आईला म्हणाला, "आये, येत्या शनवारी मी हिला कळंबला पोचवतो. गजाला सांगून ठेवलंय." गजा म्हणजे भागूचा भाऊ. "कोंडी तुझ्यापाशी ऱ्हाईल."

"नि हिला परत कवा आणशील?"

हिरामण वहाणेचा अंगठा नीट करत बसला.

"म्हंजी आणायचीच नाय. सरळ सांग ना रं."

"आये, तिनं पोर कोंडून घातलीय. टोचू देत नाय. उद्या परत देवी आल्या तर? एक गेला. ही तरी जगाया नको?"

यात खोटं काही नव्हतं, म्हणून चंद्राबाई चिडली. "शनवार लांब हाय," ती म्हणाली. "तवर मी बघते. माझ्या घरातनं आईला पोरीपासून तोडून कोण नेत नाय."

हातात सहा दिवस होते. सोमवारी तिने राहिलेली बोळवण एकटीने केली. दहीभात वेशीबाहेर ठेवून आली नि भागूला म्हणाली, "गेली गं आई. मी सोडून आले."

"नाय गेली," भागू म्हणाली. "मला ठावं हाय."

बुधवारी तिने दांडगाई करून पाहिली. पितळी डावात तेल घेऊन चुलीवर धरलं. मोहरी टाकायच्या आत भागूने कळशी उचलून अख्खी चुलीत ओतली. राखेचा लोट उठला, कोंडी रडायला लागली, आणि भागू पोरीला पोटाशी धरून कोपऱ्यात जाऊन बसली. तिचे डोळे बघून चंद्राबाई पहिल्यांदाच घाबरली. ही बाई कुणाशी भांडत नव्हती, पोरीची राखण करत होती.

डाव वापरावा लागला कारण घरातली फोडणीची लोखंडी पळी फाल्गुनापासून नाहीशी होती. चंद्राबाईने तिचा आळ शेजारच्या इंदूबाईवर घातला होता. भर आळीत "चोरटी" म्हणाली होती. इंदूबाईची पोरगी सदूच्या आधी चार दिवस गेलेली. तिला असं बोलायला नको होतं, पण दुःखात माणसाला भांडायला कुणीतरी लागतं. तेव्हापासून दोघींची तोंडं दोन दिशांना होती.

शनिवार उजाडला. दुपारी चंद्राबाई परसात अळकुड्या खणायला गेली. घरात बसवत नव्हतं म्हणून गेली, अळकुड्या कुणाला हव्या होत्या! अळवाच्या वाफ्यात, न्हाणीच्या दगडामागे, कुदळ ठण्णकन वाजली. मातीतून पळी निघाली. गंजलेली, आणि आत जळक्या तेलाचा काळा थर.

पळी काही आपल्या पायांनी जाऊन जमिनीत शिरत नाही. देवीच्या दिवसांत ती कुणीतरी वापरली होती आणि मग लपवली होती. चंद्राबाई तिथेच वाफ्याच्या कडेला बसली. खाई त्याला खवखवे, म्हणतात. भागूचं सात महिन्यांचं वागणं तिला आता लख्ख दिसलं. इतकं लवकर दिसलं याचं कारण असं, की ते खवखवणं तिच्या स्वतःच्या ओळखीचं होतं.

ती घरात आली आणि पळी भागूच्या पुढ्यात ठेवली. भागू साप पाहिल्यासारखी मागे सरकली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"म्याच मारला त्याला, आत्याबाय."

"सांग."

"नवव्या दिशी म्हनाला, आये, आमटी दे, लसणीची दे. चार दिस दाण्याला शिवला नव्हता. तुमी कोंडेकरांच्या आजारी पोराकडं गेलेल्या. म्या मागं तीन दगड मांडून फोडणी दिली. खाल्लान पोरानं. हसला पन. नि दोन दिसांनी गेला. म्या शितळाआईला शब्द दिलाय. जल्मभर सगळं पाळीन, पन कोंडीला सोड."

चंद्राबाईने मनात काही शहाणपणाचं योजून ठेवलं होतं. ते सगळं विसरलं. ती खाली बसली आणि तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"भागू, हिरामणला देवी आल्या तवा तो चार वर्सांचा होता. मी ईस-बावीसची, पोटुशी. अळणी खाऊन खाऊन जीभ मेली होती. सासू नदीवर गेली, नि मी चोरून फोडणी केली. लसूण, सुकी मिरची, भाताबरोबर खाल्ली. पोरासाठी नाय गं. माझ्या जिभेसाठी. दुसऱ्या दिशी त्याचं सारं तोंड फोडांनी भरलं. ते वण माझ्या हातचे हायत. म्हणून मी गावभर नेम सांगत फिरते. माझ्या पोराच्या तोंडाकडं मी आजवर सरळ बघितलं नाय. कुणाला बोल्ले नाय. नवरा मेला, त्यालाबी नाय."

गावातली सगळ्यात कडक बाई सुनेपुढे पोरीसारखी रडत होती. भागूने असं कधी पाहिलं नव्हतं. तिने तोंडावरचे हात काढले, पुढे सरकली आणि सासूचा खांदा धरला.

"असं काय बोलता, आत्याबाय? देवी आल्या की वण पडतातच. अख्ख्या गावाला पडलेत. लसणीनं कुणाचं तोंड बिघडतं का? पोटुशी बाई, खावंसं वाटलं, खाल्लंत. त्यात काय पाप..."

आणि ती थांबली.

चंद्राबाईही रडायची थांबली. कोंडी मध्ये बसून जात्याचा खुंटा फिरवत होती, तेवढाच आवाज.

"मंग?" चंद्राबाई हळू म्हणाली. "मी जिभेसाठी खाल्लं ते पाप नाय. नि पोरानं मागितलं, आईनं दिलं, ते पाप?"

भागू रडली. सात महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्याने, सदूचं नाव घेऊन रडली. चंद्राबाईने तिला गप्प केलं नाही.

ऊन कलल्यावर भागू उठली. पळी परसात नेऊन राखेने घासली, गंज निघेपर्यंत घासली. डाळ शिजत घातली. चंद्राबाईने लसूण ठेचून दिली. तेल पळीत तापलं तरी भागूने मोहरी मुठीतच धरून ठेवली.

"धरू का हात?"

"नको," भागू म्हणाली. तिने डोळे मिटले, मोहरी टाकली, आणि लसूण. चर्र झालं. वास घरभर गेला. कोंडीला तीनदा शिंका आल्या आणि ती दाराकडे पळाली. उंबऱ्याशी सवयीने थांबली, वळून आईकडे बघत.

भागूने पळी आमटीत बुडवली. "जा," ती म्हणाली. "अंगणातच खेळ."

हिरामण आला तेव्हा त्याची पोर अंगणात मातीत बसली होती. दारावर डहाळा नव्हता. तो दारातच उभा राहिला, वास घेत. त्याची आई ओटीवर होती. तिने मान वर करून त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं, बराच वेळ. त्याला ते जरा नवलाचं वाटलं.

भागूने त्याला पाट मांडला, आमटी वाढली. "गजादादाला काय सांगितलंत?"

हिरामणचा घास हातातच राहिला. "सांगितलं हुतं, की... आज येतो म्हणून."

"निरोप धाडा, भाऊबिजेला येईन. नि दुसऱ्या दिशी माघारी येईन." मग ती म्हणाली, "इष्णुपंत कधी येनार हायत?"

"उद्या. चावडीवर."

"कोंडीला मी नेते."

तिला अजून भीती वाटत होती, ती एका फोडणीने जाणारी नव्हती. पण ती नेणार होती, हे हिरामणला कळलं. त्याने मान खाली घालून आमटी ओरपली आणि आणखी मागितली.

तेवढ्यात दारात इंदूबाई येऊन उभी राहिली. वास तिच्याकडे गेला होता. चंद्राबाई उठली, आणि आळीने ऐकावं अशा आवाजात म्हणाली, "इंदू, पळी घरातच गावली. मी तुला चोरटी बोल्ले. माझं चुकलं."

इंदूबाईने पळीकडे पाहिलंही नाही. ती भागूकडे बघत होती. "तू फोडणी घातलीस?" तिने विचारलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "माझ्या पोरीच्या वेळी मी केस इंचरले हुते गं. एकदाच. डोकं ठणकत हुतं म्हणून. कुणाला बोल्ले नाय."

भागूने इंदूबाईला हाताला धरून आत ओढलं, पाट मांडून बसवलं आणि तिच्यापुढे आमटी-भात वाढला. "खा," ती म्हणाली. "तुझ्या फणीनं पोर गेली नाय. सांगते तुला सारं. आदी खा."

इंदूबाईने पहिला घास घेतला तशी भागू पदर खोचून उभी राहिली. विस्तवावरचं मडकं फडक्याने धरलं, पळी हातात घेतली. बाहेर अजून उजेड होता.

"उठा, आत्याबाय," ती म्हणाली. "बोळवण ऱ्हायलेली आजून चार घरं हायत."