शंभरातली वीस फील्ड

बशीर बावीस वर्षं तालुक्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासत होता. हिवतापाचा जंतू त्याच्या नजरेतून सुटत नाही, असं गावोगावच्या आशा सेविका सांगत.

सुलतानपूरची पुष्पांजली दोन महिन्यांपूर्वी ताप घेऊन आली, तेव्हा तिला सहावा महिना होता. मलेरियाची किट निगेटिव्ह, बशीरने सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेली रक्ताची काचही निगेटिव्ह. तापाच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी मूल पोटातच गेलं. डॉक्टर सारिकांना शंका आली. त्यांनी तिच्या रक्ताचे थेंब कागदावर सुकवून शहरात पीसीआरला पाठवले. आज रिपोर्ट आला. मलेरियाच होता, तोही फाल्सिपेरम, सगळ्यांत घातक प्रकारचा. पुष्पांजलीला बोलावून लगेच औषध सुरू झालं.

“मनाला लावून घेऊ नका, बशीरभाई,” डॉक्टर म्हणाल्या. गरोदरपणात हे जंतू वारेत दडून बसतात, बोटाच्या रक्तात नावालाच उरतात. पीसीआरचं यंत्र जंतूच्या डीएनएच्या कोट्यवधी प्रती काढतं, म्हणून त्याला सापडतात. डोळ्याला कसे दिसणार, असं त्यांनी समजावलं.

बशीरने मान हलवली. पण त्याला तो दिवस चांगला आठवत होता. डोणगावला भाच्याचं लग्न होतं, एसटी गाठायची होती. काचेची शंभर फील्ड, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारे शंभर भाग, बघायची असतात. किट निगेटिव्ह आहेच, म्हणून त्याने वीस बघितली आणि रजिस्टरात शंभर लिहिली.

ती काच अजून खोक्यात होती. दोन दिवस तो खोक्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने काच काढली, तेलाचा थेंब टाकला आणि एकेक फील्ड बघत गेला. पन्नासपर्यंत काहीच नव्हतं. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच शरम वाटली. एकाहत्तराव्या फील्डात जंतू होता. बारीक, अंगठीसारखा, अगदी स्पष्ट.

त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या लेखी द्या म्हणाल्या. त्याने दिलं आणि तसाच सुलतानपूरला गेला.

पुष्पांजली ओसरीवर तूर निवडत होती. बशीरने उभ्या उभ्या सांगितलं, लग्नाचंही लपवलं नाही. ती शिव्या देईल, असं त्याला वाटलं होतं. तिने विचारलं, “म्हंजे मी कापूस येचाले गेली, त्याच्यानं नाही झालं?”

“नाही, बाई. दवाई वेळेवर भेटली असती तं लेकरू वाचलं असतं कदाचित. मीच नीट पाह्यलं नाही.”

तिने आतून सासूला, गोजरबाईला बोलावलं. “चाचा, हेच आत्याबाईले सांगा. महिनाभर त्या मलेच बोलून राह्यल्या.”

बशीरने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गोजरबाई दाराची चौकट धरून खाली बसली. बशीर माफीचं बोलू लागला, तसं पुष्पांजलीने सूप बाजूला ठेवलं.

“ते नका मागू. माह्याच्यानं होनार नाही.”

चौकशी होऊन बशीरला ताकीद मिळाली. तापाने आलेल्या प्रत्येक गरोदर बाईचं रक्त डॉक्टर आता पीसीआरला पाठवतात. पुष्पांजलीचा ताप गेला. फेरतपासणीला गोजरबाई तिच्यासोबत आली होती. बशीरने सुई उचलली तेव्हा पुष्पांजलीने बोट पुढे केलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.