एकतिसावं पान

प्रशिक्षणाच्या खोलीत बावीस शिक्षक बाकांवर दाटीवाटीने बसले होते आणि साहेब प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक गुळगुळीत पुस्तक टाकत चालले होते. प्रौढ साक्षरता कार्यालयाचे ते प्रमुख.

"नवीन साधन संच," ते म्हणाले. "आता वर्गात काय शिकवू, हे रडगाणं माझ्यापर्यंत यायला नको."

मागच्या बाकावर बसलेल्या ताईने पुस्तक उघडलं. पहिला धडा साबणाच्या पिंपावरच्या सूचनेचा होता. दुसरा औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीचा, तिसरा ड्यूटीच्या तक्त्याचा. सगळे तिचेच.

इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या बायकांचा वर्ग ती रोज दुपारी घ्यायची. कार्यालयाचं जुनं पुस्तक पन्नाशीच्या बाईला बदकाला रंग द्यायला लावायचं. ते बाजूला सारून तिने चार वर्षं स्वतःच्या हाताने धडे तयार केले होते. बायका बोलायच्या, ती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तेच वाचायला द्यायची. आपलंच बोलणं म्हटल्यावर अडखळत का होईना, त्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचायच्या.

तिने घाईघाईने पानं उलटली. ज्याची भीती होती, तो धडा एकतिसाव्या पानावर होता.

'मी धुलाईघरात इस्त्री करते. माझ्या डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग आहे. नवऱ्याने एका कागदावर माझा अंगठा घेतला. म्हणाला, घरभाड्याचा कागद आहे. त्यात लिहिलं होतं, मुलगी मी त्याला देऊन टाकते. मला वाचता येत नव्हतं.'

खाली प्रश्न होते. ते मात्र ताईचे नव्हते. बाईच्या कोपरावर काय आहे? बाईने कागदावर काय केले? बाईची चूक कोणती?

तिसरा प्रश्न वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा धडा तिने एकाच बाईसाठी, एकाच कागदावर लिहिला होता. कुणाला दाखवणार नाही, असा शब्द देऊन.

सगळे चहाला उठल्यावर तिने साहेबांना गाठलं. "हा धडा काढा. ही बाई खरी आहे. वाचणारा प्रत्येक जण तिला ओळखेल."

"तुमचं नाव नाही आलं म्हणून चाललंय का हे? मागच्या पानावर टाकू पुढच्या वेळी."

"मला नाव नको. पान काढा."

"साठ प्रती केंद्रांवर गेल्यासुद्धा. आणि पगार घेऊन केलेलं काम कार्यालयाचं असतं, बाई. वर्गात बायकांची रडगाणी ऐकत बसायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

धडे कार्यालयात गेले कसे, हे विचारायची गरज नव्हती. तिची नणंद तिथेच टायपिंगला होती आणि दोघी एकाच घरात राहत होत्या. ताई घरी पोचली तेव्हा नणंद स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"माझ्या कपाटाला हात कुणी लावला?"

"मी," नणंद मागे न वळता म्हणाली. "साहेबांना घाईने काहीतरी हवं होतं. तुझं धूळ खात पडलं होतं."

"विचारावंसं नाही वाटलं?"

"तू मला कधी काय विचारतेस, वहिनी? या घरात मी कुठे झोपायचं तेसुद्धा तूच ठरवलंस."

ताईने आवाज चढवला नाही. पुस्तक उघडून तिने ओट्यावर ठेवलं. "हे टाइप करताना वाचलंस?"

"मी वाचत नाही. टाइप करते." पण नणंदेची नजर पानावर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. हातातलं ताट तिने पुसायचं थांबवलं. मग पुस्तक मिटून बाजूला सारलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई धुलाईघरात पोचायच्या आधीच संचाच्या चार प्रती तिथे आल्या होत्या. घडी घालायच्या लांब टेबलाभोवती बायका नेहमीसारख्या बसल्या होत्या. इस्त्रीवाली टोकाला उभी होती. एरवी कोपराच्या वर दुमडलेली बाही तिने आज मनगटापर्यंत ओढली होती.

"पानं उलटताना डाग हा शब्द दिसला," ती म्हणाली. "मग पुढचं सगळं वाचलं. कुणाची मदत न घेता. तुम्हाला आनंद व्हायला हवा, ताई."

"मी दिलं नाही हे. माझ्या घरातून नेलं."

"म्हणजे तुमच्या घरातून. माझ्या नाही. मी घरात ठेवलं असतं तर राहिलं असतं." तिने बोट प्रश्नावर ठेवलं. "बाईची चूक कोणती. याचं उत्तर मला ठाऊक आहे. तुमच्यापुढे तोंड उघडलं, ती."

ताईने पिशवीतून कात्री काढली, चारही प्रतींतलं एकतिसावं पान कापलं आणि ते कागद इस्त्रीवालीपुढे ठेवले. "बाकीच्याही कापून आणते. उद्यापासून."

"तुम्ही आणाल आणि मी मानू? मी बरोबर येणार. प्रत्येक प्रत मी बघणार."

त्याच संध्याकाळी ताईच्या उशीवर एक कागद पडलेला होता. कोणत्या केंद्राला किती प्रती गेल्या, त्याची यादी. "मी दिली म्हणून सांगू नकोस," नणंद दारातूनच म्हणाली. "आणि तुझ्यासाठी दिलेली नाही."

पुढचे सहा दिवस ताई आणि इस्त्रीवाली ड्यूटी संपल्यावर केंद्रं फिरल्या. कारखान्याचं जेवणघर, बसडेपोची विश्रांतीची खोली, तुरुंगाच्या दारातली कचेरी. काही शिक्षकांनी मुकाट्याने पुस्तकं पुढे केली, एकाने दारातूनच हाकललं आणि दोन तासांनी कंटाळून हवाली केली. इस्त्रीवाली ताईशी कामापुरतंही बोलत नव्हती. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन ती आधी पानाचा आकडा वाचायची, मग पहिली ओळ, ओठ हलवत. मग कात्रीसाठी हात पुढे करायची.

केंद्रांवरच्या प्रती झाल्या, शिक्षकांकडच्याही झाल्या. उरली एक. ती साहेबांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, पाहुण्यांना दाखवायला मांडलेली होती.

"सरकारदरबारी नोंद झालेली प्रत आहे ती," दोघी समोर येऊन उभ्या राहिल्यावर साहेब म्हणाले. "हात लावाल तर पोलीस बोलावीन. आणि ही कोण?"

ताईने स्वतःची कापलेली प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली होती. इस्त्रीवालीने ती बाजूला सारली, कपाट उघडलं आणि पुस्तक काढून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, अक्षरावर बोट ठेवून. 'अंगठा' या शब्दाशी ती अडली, मागे गेली, पुन्हा वाचला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. टाइपरायटरवर ताईची नणंद बसली होती, तिने हात थांबवले. तीन प्रश्नही इस्त्रीवालीने वाचले. मग तिने बाही वर केली.

"पहिल्याचं उत्तर हे," ती म्हणाली. "तिसरा कुणी लिहिला?"

साहेब नणंदेकडे बघू लागले. नणंद म्हणाली, "तुम्ही सांगितलात, मी टाइप केला."

"न्या ते पान," साहेब म्हणाले आणि ताईकडे वळले. "आणि बाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

दोघी जिना उतरल्या. खालच्या पायरीवर इस्त्रीवालीने पानाची घडी घातली, कडेला कड जुळवून, इस्पितळाच्या चादरीची घालावी तशी.

"आता वर्ग कोण घेणार?" तिने विचारलं.

"माहीत नाही. पाठवतील कुणाला तरी. तू वर्ग सोडू नकोस."

"सोडणार नाही. अजून मुलीसाठीचे कोर्टाचे कागद वाचता येत नाहीत मला." तिने घडी ब्लाउजमध्ये खोचली. "पण जी कोण येईल तिला माझं काही सांगणार नाही. साबणाच्या पिंपावरचंच वाचीन."

ताई काहीतरी बोलणार होती. तोवर इस्त्रीवाली रस्ता ओलांडून गेली होती.