वाणातली पुडी

वाण नाकारायचं नसतं. आपल्याकडच्या बायका सांगून आलेलं स्थळ नाकारतील, डॉक्टरने घातलेलं पथ्य नाकारतील, पण हळदीकुंकवाला कुणी हातावर ठेवलेली चाळणी नाकारणार नाहीत, मग घरात आधीच चार चाळण्या का असेनात. हे ज्या कुणाच्या पहिल्यांदा लक्षात आलं तो मोठा बेरकी माणूस असला पाहिजे. कारण या वर्षी बोईसरला साखरबाईंच्या हळदीकुंकवात वाणाच्या ताटात चाळण्या नव्हत्या की प्लास्टिकचे डबे नव्हते. जांभळ्या, चकचकीत पुड्या होत्या आणि त्यांवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'तेजोवन: अँटिऑक्सिडंटचा महासागर.'

स्वाती तिथे पोचली ती कामावरून तशीच. ती साखरबाईंची थोरली लेक. सासर पालघरजवळ कोळगावला आणि नोकरी बोईसरच्या एमआयडीसीत, अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. दारातला चपलांचा ढीग पाहून तिला बरं वाटलं. दिवाळीच्या तोंडावर तिच्या वडिलांना, खंडेरावांना, हृदयविकाराचा झटका आला होता आणि छातीत स्टेंट बसवावा लागला होता. त्यानंतर घरात पहिल्यांदाच हसणंबोलणं ऐकू येत होतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. रक्त पातळ ठेवायची गोळी वर्षभर एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चुकली तर स्टेंटमध्ये गुठळी होते, आणि मग दवाखाना गाठायला वेळ मिळेलच असं नाही.

आत मात्र हळदीकुंकू चाललं नव्हतं, प्रयोग चालला होता. मधोमध टीपॉयवर पाण्याचा ग्लास आणि त्याच्यामागे हेमाली नावाच्या पालघरच्या मॅडम. स्वातीची भावजय, म्हणजे भाऊ कैलासची बायको स्वरा, दिवाळीनंतर या कंपनीचा माल विकायला लागली होती आणि हेमाली तिच्या वरच्या. आज साखरबाईंच्या घरात सोसायटीतल्या सगळ्या बायका आयत्या जमणार हे स्वरानेच त्यांना कळवलं होतं.

"हे पाणी म्हणजे आपलं रक्त," हेमाली गोड आवाजात सांगत होत्या. "आता बघा. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला अणुऊर्जा केंद्र, आणि वर हा खारा वारा. तुमच्या खिडक्यांचे गज दोन पावसाळ्यांत कसे होतात? तोच गंज आपल्या आत चढतो."

त्यांनी एका बाटलीतून दोन-चार थेंब टाकले. पाणी तांबूस झालं. बायकांनी नाकं मुरडली. मग हेमालींनी एक पुडी फोडून त्यातली पांढुरकी पूड ग्लासात ओतली, चमच्याने ढवळली आणि पाणी बघता बघता नितळ झालं. "अगं बाई," कुणीतरी म्हणालं. आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून खंडेराव बसले होते. त्या बायकांच्या मेळ्यात ते एकटेच पुरुष, आणि मान सगळ्यात जोरात त्यांचीच डोलत होती.

स्वातीला आधी हसूच आलं. बाटलीत आयोडीन होतं, जखमेवर लावतात तेच. त्याचा रंग घालवणं हा शाळेतल्या पोरांचा खेळ. होऊ दे यांची जत्रा, म्हणून ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

फ्रिजवर आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, औषधांचा डबा होता. उगाच सवयीने तिने तो उघडला. मागच्या फेरीला तिनेच आणून दिलेल्या त्या गोळीच्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या. एकीचा कोपराही दुमडलेला नव्हता.

तिळगुळाचा डबा घ्यायला साखरबाई आत आल्या. स्वातीने पट्टी त्यांच्यापुढे धरली. "आई, हे काय?"

"अगं, ती बंद केली त्यांनी. संक्रांतीपास्नं," साखरबाई डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या. "ही पूड घेतली की रगत आपसूक पातळ ऱ्हातं म्हनं. दोन्ही घेतलं तर लईच पातळ व्हईल, असं त्या हेमालीताई बोलल्या. आता बरं वाटतंय त्यांना."

स्वातीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलायला तोंड उघडलं तर आपण ओरडू हे तिला कळत होतं, म्हणून तिने आधी दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आत्ताच्या आत्ता गोळी द्या. आणि उद्या सकाळी त्यांना इकडे घेऊन या." तिने पट्टीतून गोळी काढून आईच्या हातात दिली आणि बाहेर जायला निघाली. "स्वाती, सवाष्णी बसल्यात. शब्द वाढवू नको," साखरबाई मागून म्हणाल्या. शब्द वाढवायचे नाहीत म्हणे. माणूस मेला तरी चालेल, पण सवाष्णींसमोर आवाज चढता कामा नये, ही आपली रीत.

तिने जाताना टोपलीतलं एक लिंबू उचललं आणि सुरीने कापलं. बाहेर येऊन कोपऱ्यातला पाण्याने भरलेला ग्लास टीपॉयवर ठेवला, हेमालींच्याच बाटलीतलं आयोडीन त्यात टाकलं आणि वरून अख्खं लिंबू पिळलं. पाणी नितळ झालं.

"हे लिंबू आमच्या टोपलीतलं," ती म्हणाली. "त्यात 'क' जीवनसत्त्व असतं, तुमच्या पुडीतही तेच घातलेलं असणार. त्याने आयोडीनचा रंग जातो. रक्तातली गुठळी जात नाही." मग ती वळली. "आप्पा, तुम्ही डाईंगमध्ये होतात ना? कापडाला रंग जास्त बसला तर कशाने उतरवायचात?"

खंडेराव गोंधळले. पाथर्डीकडून ते बोईसरला आले ते एका डाईंगच्या कारखान्यात, आणि निवृत्त झाले तेही तिथूनच. "हायड्रोनं," ते म्हणाले. "पांढरी पूड असती. टाकली की रंग पळाला."

"मग रोज सकाळी चमचाभर हायड्रो का नाही प्यालात कधी?"

बायका हसल्या. खंडेराव हसले नाहीत. "ते कापड व्हतं," ते चिडून म्हणाले. "हे शरीर हाय."

"तेच सांगतेय मी. ते कापड होतं, आणि हा ग्लास आहे."

उमरोळीहून येणारी जमुना, चार घरची कामं करणारी आणि साखरबाईंची जुनी मैत्रीण, मांडीवरच्या पुडीकडे संशयाने बघायला लागली. स्वातीला वाटलं, जमलं. पण हेमाली मॅडम काही कालच्या नव्हत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"थँक्यू हं, ताई. बघितलंत ना सगळ्यांनी? अँटिऑक्सिडंटने गंज जातो हे ताईंनीच करून दाखवलं. एका लिंबाने एवढं होतं, तर आमच्या पुडीत डाळिंबाच्या चाळीसपट ताकद आहे."

बायकांच्या माना पुन्हा डोलायला लागल्या. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. स्वाती काही बोलणार एवढ्यात स्वराने मोबाइल पुढे केला. "आणि वन्सं, ते चाळीसपट कुठे तपासलंय तेही सांगा ना. तुमच्याच लॅबमध्ये. खाली तुमचीच सही आहे."

मोबाइल हातोहात फिरला. कंपनीच्या रंगीत जाहिरातीत स्वातीच्या प्रयोगशाळेचा अहवाल छापलेला होता आणि सहीभोवती सोनेरी गोल काढलेला होता.

"खोटा आहे का हा आकडा?" हेमालींनी विचारलं.

आकडा खोटा नव्हता, हेच तर सगळं दुखणं होतं. कंपनीने पावसाळ्यात दोन नमुने पाठवले होते, एक पूड आणि एक डाळिंब. स्वातीने दोन्ही नियमाप्रमाणे तपासले होते आणि शंभर ग्रॅमला किती ते लिहून दिलं होतं. एकीकडे शंभर ग्रॅम कोरडी ठणठणीत पूड, दुसरीकडे शंभर ग्रॅम डाळिंब, ज्यात बहुतेक पाणीच. कुठलंही फळ वाळवून कुटलं की आकडा असाच उड्या मारतो. त्यातून पुडीत पूड असते जेमतेम चमचाभर, आणि डाळिंब माणूस वाडगाभर खातो. बरं, ही सगळी मोजणी काचेच्या नळीतली. पोटात गेल्यावर त्यातलं किती पचतं, किती तसंच बाहेर जातं, आणि रक्तात पोचलंच तर तिथे काय करतं, याबद्दल त्या अहवालात एक अक्षर नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोन खऱ्या आकड्यांचा भागाकार करून कंपनीने एक चकचकीत थाप बनवली होती. साधी थाप पकडता येते. खऱ्याचीच बनवलेली थाप कुठून पकडायची?

"आकडा खरा आहे," स्वाती म्हणाली. "पण..."

लोकांना 'पण'च्या आधीचंच ऐकू येतं. पुढचं तिने सगळं सांगितलं, वाळवलेलं फळ आणि पाणी आणि काचेची नळी, आणि ते कुणीही ऐकलं नाही. दोघीजणी तर तोवर स्वराकडे आणखी पुड्यांची चौकशी करत होत्या.

"मग झालं तर," खंडेराव म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "पोरी, ह्या हेमालीबाईच्या बोलन्यावर मी गोळी सोडीन व्हय? तुझी सही बघितली म्हनून सोडली. डॉक्टर काय, परका मानूस. तू माझी हायस."

ज्या हाताने स्वातीने प्रामाणिकपणे दोन आकडे लिहिले, त्याच हाताने बापाची गोळी सुटली होती. तिला हेमालीचा संताप आला, स्वराचा आला, नमुने घेताना 'जाहिरातीत वापरणार का' असं कधीही न विचारणाऱ्या आपल्या साहेबांचा आला, आणि कधीही न विचारणाऱ्या स्वतःचाही आला. आणि सगळ्यात जास्त आला तो या भाबड्या म्हाताऱ्याचा, जो जन्मभर पांढऱ्या पुडीने रंग उतरवत आला आणि शेवटी एका पांढऱ्या पुडीलाच भुलला.

"माझी सही बघितलीत ना?" ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढलाच. "मग दवाखान्यातली का नाही बघितली? तुम्हाला आत नेताना कैलासने पेन माझ्याकडे सरकवलं. 'यांचं काही बरंवाईट झालं तर आमची तयारी आहे' असं लिहिलेल्या त्या कागदावरही मीच सही केलीय, आप्पा. त्या सहीने तुमच्या छातीत स्टेंट बसला. तो या गोळीवर चालतो. गोळी बंद, तर तो बंद, आणि तुम्हीही बंद."

हेमाली सामान आवरल्यासारखं करू लागल्या. "ताई, एवढं निगेटिव्ह नका बोलू. आज सवाष्णींचा दिवस आहे."

"सवाष्णींचा?" स्वाती म्हणाली. "हे कुंकू कुणाच्या नावाचं लावतात, ठाऊक आहे ना? जो जिवंत राहावा म्हणून ही माझी आई एवढी वर्षं तुम्हा सगळ्यांना घरी बोलावते, त्याचीच गोळी तुम्ही बंद करायला लावलीत, आणि आता तिच्याच हळदीकुंकवात माल विकताय."

साखरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एका हातात तिळगुळाचा डबा, दुसऱ्या मुठीत ती गोळी. मघाशी शब्द वाढवू नको म्हणणाऱ्या साखरबाईंनी डबा खाली ठेवला, वाणाचं रिकामं ताट उचललं आणि पहिल्या बाईपुढे जाऊन धरलं. "दे," त्या म्हणाल्या.

त्या बाईला कळेना. "अहो साखरबाई, वाण परत घेतात का कुठं?"

"नाय घेत. मी घेते. दे."

जमुनाने ताट आपल्यापर्यंत यायची वाट पाहिली नाही. ती उठून आली आणि पुडी ताटात टाकली. "आमी नाय पियाचे," ती म्हणाली. "माझं लिंबू बरं हाय." मग एकेक पुडी पडत गेली. कुणी लाजून टाकली, कुणी कुरकुरत. पदरात पुडी दाबून हळूच दाराकडे सरकलेल्या दोघींना साखरबाईंनी नावाने हाक मारली.

"आई, अपशकुन होतो," स्वरा रडवेल्या आवाजात म्हणाली.

"झाला तो झाला. तो तू दारातून आनलास," साखरबाई म्हणाल्या आणि भरलेलं ताट त्यांनी हेमालींच्या हातात दिलं. "हे घ्या, मॅडम. हे घरला न्या."

हेमाली गेल्या. टीपॉयवर दोन नितळ ग्लास उरले होते, एक पुडीचा, एक लिंबाचा, आणि ते दोन्ही सारखेच दिसत होते. स्वातीने ठरवून टाकलं. उद्या आप्पांना दवाखान्यात न्यायचं आणि तिथून थेट साहेबांच्या केबिनमध्ये जायचं, ती जाहिरात त्यांच्या टेबलावर आपटायची. हा राग तोवर उतरू नये, एवढंच तिला वाटत होतं.

साखरबाईंनी कुंकवाची कोयरी घेतली. त्या खंडेरावांच्या खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि मूठ उघडली. गोळी घामाने तळहाताला चिकटली होती.

"घ्या," त्या म्हणाल्या.

खंडेरावांनी लेकीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "रिकाम्या पोटी घेऊ का?" ते पुटपुटले. "जेवून घेतो की."

"हे माझं वाण हाय," साखरबाई म्हणाल्या. "वाणाला नाय म्हनत नसतात."

खंडेरावांनी उभ्या जन्मात कुणाचं वाण घेतलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला.