चिवड्याचा डबा

बडोद्यातून कुणी विमानाने निघालं की आपण काय करतो? "जातच आहात तर एवढं न्या," म्हणत एक डबा त्याच्या हातात ठेवतो. प्रतापनगरच्या नयनाताईंनीही शेजारच्या हिंमतरावांचा डबा असाच घेतला. "लिलो चेवडो आहे वहिनी, आपला बडोद्याचा ओला चिवडा, बेंगळुरूच्या आमच्या मुलासाठी, नीलसाठी!" इतक्या वर्षांचा शेजार, उघडून कोण बघणार?

ताईंची लेक ऋचा हिचं त्याच दुपारी बेंगळुरूला ऑपरेशन होतं. "तुला आत नेण्याआधी मी पोचते," असा शब्द आईने दिला होता.

विमानतळावर सामान देताना काउंटरवरच्या माणसाने सुट्या बॅटरीबद्दल विचारलं, "बेन, बॅगमां छूटी बॅटरी छे?" ताईंनी ठणकावून "नथी" सांगितलं. थोड्याच वेळात त्यांच्या नावाचा पुकारा झाला. बॅग उघडली, डबा उघडला, आणि चिवड्याखालून प्लास्टिकात गुंडाळलेली ड्रिल मशीनची बॅटरी निघाली! "खोटं का बोललात?" अधिकारी बाईंनी विचारलं. ताईंना मान वर करवेना. हे जाबजबाब चालू असतानाच विमान सुटलं.

बाहेर येऊन ताईंनी हिंमतरावांना फोन लावला. "भाऊजी, डब्यात काय होतं?"

हिंमतराव म्हणाले, "कुरिअरवाला घेईना. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीही घेतली नसती. एवढीशी तर बॅटरी, वहिनी!"

"एवढीशी? आत्ताच त्या बाईंनी मला समजावलं. खालच्या सामानात बॅटरीने पेट घेतला, तर बघायला तिथे कोण असतं? वर हातातल्या बॅगेत निदान धूर तरी दिसतो. तुमची लेक स्नेहल त्या विमानात असती तर ठेवली असती?"



ऋचाला आईविनाच आत नेलं. ऑपरेशन नीट झालं. पण जाताना ती सारखी दाराकडे बघत होती, असं जावयाने फोनवर सांगितलं, तेव्हा ताई विमानतळावरच्या बाकावर बसून ढसाढसा रडल्या. परक्याने फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं!

संध्याकाळच्या विमानाआधी हिंमतराव स्कूटरवरून आले. चेहरा उतरलेला. "चुकलो, वहिनी. माझ्या सोयीसाठी तुमचा भरवसा वापरला." त्यांनी नवा डबा आणला होता. कुणी न सांगता त्यांनी तो बाकावरच्या वर्तमानपत्रावर पालथा केला. "बघा, नुसता चिवडा आहे."

"राहू द्या, भाऊजी," ताई हळूच म्हणाल्या. "आज नाही नेववणार."

वाचकहो, दुसऱ्याच्या बॅगेत काही ठेवायचं तर सांगून, उघडून दाखवून ठेवा. आणि आपणही "नाही" म्हणण्याआधी डब्याचं झाकण काढून बघा. ताईंना संध्याकाळी दुसरं विमान मिळालं. तसा शेजार मात्र दुसरा मिळत नाही!